आठ वॅट

गुढीपाडव्याच्या आधी कूलर बसवायला माणूस आला होता. दरवर्षी येतो तोच. गच्चीवरच्या खोलीतून लोखंडी कूलर उतरवायचा, काळ्या पडलेल्या गवताच्या ताट्या काढून नव्या कोंबायच्या, पंप फिरतो का पाहायचं आणि तो अवाढव्य डबा समोरच्या खोलीच्या खिडकीला टेकवून द्यायचा, एवढं काम. यंदा मी त्याच्या मागोमाग खोलीत शिरलो तर तो कूलर विसरून कोपऱ्यातल्या लाकडी बाकाकडे बघत उभा. बाकावर माझा व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असत तसल्या काचेच्या नळ्यांचा, ॲम्प्लिफायर सकाळपासून चालू होता. पुढे दोन मोठे व्हॉल्व्ह, काचेच्या पोटात नारिंगी झालेली तार, मागे तीन काळे ट्रान्सफॉर्मर. त्यानं तळहात जवळ नेला आणि झटकन मागे घेतला. "साहेब, हीटर आहे का जी हे?" गाणं ऐकायचं मशीन आहे म्हटलं. चेहऱ्यावर अविश्वास दिसला म्हणून एक रेकॉर्ड लावली. त्यानं दोन मिनिटं भल्या मनानं ऐकलं, मग खिडकीकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं. "कूलर तर इथंच लागन. अन हे बी इथंच तापून राहिलं. कूलर सुरू केला का याचा आवाज येनार नाही. मंग तुम्ही आयकता कधी?"

पैसे घेऊन तो गेला. त्याच्या बोलण्यात खोच नव्हती, कुचेष्टा नव्हती. ताट्या किती वर्षं टिकतील किंवा पंप कितीचा आला, अशा सुरात विचारलेला साधा धंद्यातला प्रश्न. मला उत्तर देता आलं नाही आणि पुढे कितीतरी दिवस अंघोळ करताना, भाजी घेताना तो प्रश्न मागे लागून राहिला. मी उत्तरं जुळवायचो आणि ती मलाच पटायची नाहीत. "सकाळी ऐकतो" म्हणावं, तर सकाळी पेपर असतो. "रात्री ऐकतो" म्हणावं, तर रात्री काय होतं ते पुढे सांगतोच.

हे यंत्र नागपूरसाठी बनलेलं नाही, हे आधी मान्य करून टाकू. ते भिंतीतून दीडशेच्या आसपास वॅट ओढतं आणि स्पीकरला देतं एका बाजूला आठ, दोन्ही बाजू मिळून सोळा. तेही आवाज अगदी टोकाला नेला तर. एरवी घरात बसून ऐकताना एक वॅटसुद्धा पुरतो. बाकी सगळी वीज उष्णता होऊन खोलीत येते. शिवाय 'क्लास ए' पद्धत, म्हणजे गाणं वाजो न वाजो, आवाज बारीक असो की मोठा, ओढ तेवढीच. व्हॉल्व्हमधली तार सातशे-साडेसातशे अंशांपर्यंत तापते, तेव्हा कुठे तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. बाहेर सोळा अंश आहेत की सेहेचाळीस, याचं त्या तारेला सोयरसुतक नाही. ते असतं समोर बसणाऱ्याला आणि चेसिसच्या, म्हणजे धातूच्या सांगाड्याच्या, पोटातल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरांना. दहा अंश वाढले की आयुष्य निम्मं, असा कपॅसिटरांचा ढोबळ हिशेब आहे. आणि आमच्याकडे २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ वर गेला होता. २०२४ च्या मे अखेरीस तर शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले. हवामान खात्यानं नंतर सेन्सर बिघडल्याचं सांगितलं, पण त्या दोन दिवसांत ५६ वर अविश्वास दाखवणारा नागपूरकर मला भेटला नाही. "असन, असन," एवढंच सगळे म्हणत होते.

एसी लावा, असं मित्र सांगतात. म्हणजे दीडशे वॅटचं यंत्र थंड राहावं म्हणून दीड हजार वॅटचं दुसरं यंत्र. आणि गंमत म्हणजे हे सांगणाऱ्यांच्या घरी ऐकायला फोनचा स्पीकर असतो.

तर वेळेचा हिशेब. एप्रिल लागला की समोरच्या खोलीत कूलर सकाळी दहाला सुरू होतो तो दुसऱ्या दिवशी पहाटे बंद होतो. ज्यांनी हा लोखंडी कूलर ऐकलेला नाही त्यांना कसं सांगू? त्याचा आवाज कानाला टोचत नाही, तो सगळी खोली भरून टाकतो. पंख्याचा घरघराट, ताट्यांवरून ओघळणारं पाणी, मध्येच पंपानं हवा ओढली की येणारी घुसमट. आठ वॅटचा ॲम्प्लिफायर त्यावर मात करू शकतो, पण ती मात ऐकायला कोण बसेल? त्यामुळे ऐकण्यासाठी उरते ती पहाट. पाच ते सातच्या आसपास, कूलर बंद, खिडक्या उघड्या, हवेत कालचा ओलावा. ललत, भैरव, तोडी, फार झालं तर बिलासखानी. यमन, पूरिया, मारवा, श्री यांची वेळ म्हणजे कूलर ऐन भरात असण्याची वेळ. चैत्रापासून मृगापर्यंत माझ्या घरात संध्याकाळचे राग वाजत नाहीत. हे लक्षात आलं तेव्हा मी चकित झालो होतो. नवतपाच्या, मे अखेरच्या ऐन तापत्या नऊ दिवसांत सहा-साडेसहाला बाहेर अजून झळा येत असतात, आकाश पांढरं असतं आणि मनात उगाच मारव्याचा कोमल रिषभ फिरतो. तो मनातच ठेवावा लागतो.

पाऊस आला की सुटलो, असं वाटतं. मल्हार लावायचा असतो आणि नेमका त्याच वेळी आकाशात कडकडाट सुरू होतो. वीज चमकू लागली की पहिलं काम प्लग काढणं. एवढ्या किमतीच्या ट्रान्सफॉर्मरांवर मियाँकी मल्हारसाठी पैज लावायची माझी तयारी नाही. रात्रीची तऱ्हा वेगळी. सगळीकडचे दिवे मालवले, वापर उतरला की व्होल्टेज चढतं. २३० च्या जागी २४५, कधी २५०. व्हॉल्व्हच्या तारेला पाचच्या जागी साडेपाचच्या जवळ व्होल्ट मिळाले की ती जास्त उजळते, सुंदर दिसते आणि लवकर मरते. म्हणून स्टॅबिलायझर घेतला, तर तो स्वतःच गुणगुणायला लागला. दरबारी ऐकताना खर्जात एक अनाहूत सूर कायम लागलेला, शंभर हर्ट्झचा. त्याला शेवटी बाहेरच्या व्हरांड्यात हाकललं.

आणि अर्थिंग. आमच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की ॲम्प्लिफायरच्या चेसिसला हात लावल्यावर बोटांत बारीक झिणझिण जाणवायची. वायरमननं सांगितलं, खड्ड्यात पाणी ओतत जा, अधूनमधून मीठही टाका. तेव्हापासून एप्रिल-मे मध्ये मी कंपाउंडच्या कोपऱ्यात बादली घेऊन जातो आणि जिथे काहीही उगवलेलं नाही तिथे मन लावून पाणी घालतो. शेजारच्या काकूंनी एकदा भिंतीवरून विचारलंही, काय लावलं आहे म्हणून. मी "काही नाही, असंच" म्हणालो. झिणझिण थांबली, एवढं खरं.

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता. भिंतीतल्या फळीवर, आईनं विणलेल्या क्रोशाच्या रुमालाखाली. वर छताला तांब्याच्या जाळीची एरियल पट्टी ताणलेली, शेजारी खिळ्याला पोस्टाच्या शिक्क्यांचं लायसन्सचं पुस्तक. संध्याकाळच्या बातम्यांसाठी बाबा पाच मिनिटं आधी उठायचे. बटण पिळलं की आधी काहीच व्हायचं नाही. मग डायलमागचा दिवा, मग एक बारीक घूं, मग मॅजिक आय नावाचा तो हिरवा डोळा हळूहळू उजळायचा आणि बाबा सुई हलवत त्याची फट मिटवत आणायचे. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ पासूनचं. त्याचा आवाज आमच्या घरात नेहमी तापून, उशिरा आणि एकदम भरदार यायचा. त्या पाच मिनिटांत बाबा कुणाशी बोलत नसत. ऑफिसचा सदरा काढून, पाय धुऊन, पाटावर बसून वाट पाहत. बातम्या ऐकण्याआधीच त्यांचं ऐकणं सुरू झालेलं असायचं. पुढे ट्रान्झिस्टर आला. तो बटण दाबताक्षणी बोलायचा. बाबा तो दाढी करता करता, जेवता जेवता, भांडता भांडता ऐकायला लागले. कुणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं.

याच शहराजवळून १९८८ पासून राष्ट्रीय प्रसारण सेवेचे रात्रभराचे कार्यक्रम प्रसारित व्हायचे, १५६६ किलोहर्ट्झवर, एक हजार किलोवॅटच्या ट्रान्समीटरवरून. दहा लाख वॅट! देशात कुठेही कुणीतरी रात्री जागं असेल तर त्याच्या उशाशी नागपूर पोहोचत होतं. आणि मी त्याच नागपुरात आठ वॅट आपल्याच खोलीच्या पलीकडच्या भिंतीपर्यंत नीट पोहोचावेत म्हणून खुर्ची अर्धा हात मागे, अर्धा हात पुढे सरकवत बसतो.

पैशाचं बोलायला हवं, कारण लोक तेच विचारतात आणि मी तेच टाळतो. बँकेत जन्म गेला. निवृत्तीचे पैसे आले तेव्हा मुलगा म्हणाला, बाबा, एकदा तरी स्वतःसाठी काही घ्या. त्याच्या मनात बहुधा घड्याळ किंवा केरळची सहल असावी. मी मुंबईला एका माणसाच्या घरी जाऊन हा ॲम्प्लिफायर ऐकला आणि परतीच्या गाडीत भुसावळपर्यंत झोपलो नाही. किंमत सहा आकडी. बायकोला पूर्ण माहीत आहे. मुलाला साधारण माहीत आहे. आईला जी सांगितली ती खऱ्या किमतीच्या एका कोपऱ्यात मावेल, आणि तेवढी ऐकूनही ती म्हणाली, "एवढ्यात तर तुझ्या बाबांनी घराची वरची खोली बांधली होती." तेव्हापासून घरी पाहुणे आले आणि आई खोलीत असली की मी यंत्राची स्तुती जरा सांभाळून करतो. वाईट वाटतं का? वाटतं. बँकेत असताना पीककर्जाच्या थकबाकीच्या याद्या मी स्वतः तपासलेल्या आहेत. कुठल्या तालुक्यात किती रकमेसाठी माणूस किती वर्षं अडकतो, हे आकडे डोक्यातून गेलेले नाहीत. ते आकडे आणि हा बाक एकाच डोक्यात ठेवून तोडी ऐकायची असते. कधी जमतं, कधी नाही.

आता आवाजाबद्दल. तज्ज्ञांना विचाराल तर मोजमापाच्या कसोटीवर माझं यंत्र नापास आहे. दोन-चार हजारांचा चिपवाला ॲम्प्लिफायर आलेला सूर जसाच्या तसा पुढे देतो, त्यातली भेसळ नगण्य असते. माझा व्हॉल्व्ह जोरात वाजवला तर दोन-तीन टक्के स्वतःच्या पदरचं घालतो. मी हे सगळं वाचून, आकड्यांसकट बायकोला समजावत होतो. ती गाणं शिकलेली, घरी मुलींना शिकवणारी. तिनं किशोरीताई आमोणकरांची एक जुनी तबकडी पाच-सात मिनिटं ऐकली आणि म्हणाली, "अहो, एवढं काय त्यात. तुमच्या मशीनची जवारी उघडी आहे."

मी बघतच राहिलो.

कारण हे अगदी बरोबर होतं. एकेरी ट्रायोड, म्हणजे माझ्या यंत्रातला एका बाजूला एकटाच राबणारा व्हॉल्व्ह, जो स्वतःच्या पदरचा अंश मिसळतो तो मुख्यतः दुप्पट कंपनांचा, म्हणजे षड्जावर तार षड्ज. थोडा तिप्पट कंपनांचा, म्हणजे त्याच्या वरचा पंचम. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सूत सरकवून जवारी लावताना आपण नेमकं हेच करतो: साधी, मुकी तार उघडी करतो, तिच्यातले वरचे स्वरांश बोलते करतो. खर्जाच्या तारेतून कुणीही न छेडलेला गंधार यायला लागतो तो पाचपट कंपनांचा. या घोडीवर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये निबंध लिहिला. तार जिथे छेडाल, तिथे ज्या स्वरांशाचा स्थिर बिंदू येतो तो स्वरांश वाजू नये, असा भौतिकशास्त्राचा जुना नियम. मधोमध छेडलीत तर दुसरा, चौथा गप्प राहायला हवेत. रामन यांना दिसलं की आपला तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत. ती रुंद, किंचित उतरती घोडी सगळ्यांना बोलायला लावते. आणि हेच रामन १९१० मध्ये आमच्या नागपुरात नोकरीला होते, सरकारी हिशेब खात्यात, रंगूनहून बदली होऊन. दिवसभर जमाखर्च आणि डोक्यात तारा. मीही जन्मभर हिशेबातला माणूस, त्यामुळे हे कळल्यावर मला विनाकारण अभिमान वाटला होता.

पण बायकोचं वाक्य घेऊन मी काही दिवस मिरवलो आणि मग ते कुठे तुटतं हेही दिसायला लागलं. तंबोऱ्याची जवारी तारेची स्वतःची असते. तिचे वरचे स्वर तिच्याच पोटातून येतात. माझा व्हॉल्व्ह मात्र समोर येईल त्या प्रत्येकाला तीच जवारी लावत सुटतो. एकटा गळा, मागे दोन तंबोरे, बारीक पेटी असली की तो अप्रतिम. मल्लिकार्जुन मन्सूरांच्या आवाजातली ती खरखर, श्वास घेण्याआधीची ओठांची हालचाल, मींड संपताना सुराचा उतरता काठ, हे मी याआधी कधी ऐकलं नव्हतं. सारंगी तर अंगावर येते. पण तबल्यावर येऊ द्या: चाटीचे बोल लख्ख, डग्गा मात्र सैल. घुमारा असतो, पण तो जिथे थांबायला हवा तिथे थांबत नाही. आणि साठ-सत्तर वादकांचं सिनेसंगीत लावलं की व्हायोलिनं, गिटार, कोरस सगळ्यांच्या जवाऱ्या एकमेकींत गुंततात आणि नुसता गोड गलका उरतो. माझं लहानपण ज्या गाण्यांवर गेलं, तीच या यंत्रावर नीट वाजत नाहीत. याबद्दल विकणाऱ्यानं काही सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं, मुंबईला त्या माणसाच्या घरी फक्त ख्याल वाजत होता.

बायको स्वतः ऐकते ती स्वयंपाकघरात, मुठीएवढ्या ब्लूटूथ स्पीकरवर, फोडणीच्या आणि मिक्सरच्या मध्ये. दिवसाकाठी किती ऐकते याचा अंदाज केला तर मी आठवडाभरात ऐकत नाही एवढं निघेल. मी कधी आत गेलो तर चमचा तसाच हवेत धरून म्हणते, "थांबा, ही जागा ऐका." जागा संपली की चमचा खाली. मी बाहेर येऊन व्हॉल्व्ह तापायला ठेवतो, अर्धा तास थांबतो, तीच रेकॉर्ड काढतो, पुसतो, सुई टेकवतो आणि तीच जागा येईपर्यंत डाव्या स्पीकरमध्ये बारीक घूं आवाज येतोय का याकडे कान लावून बसतो. जागा येते, जाते. मग पुन्हा सुई मागे. माझ्या ओळखीतले या छंदातले बहुतेक लोक असेच आहेत. एकमेकांच्या घरी जाऊन आम्ही केबलविषयी बोलतो. कोणता राग होता, हे निघताना कुणी विचारलं तर दोघं-तिघं गडबडतील.

म्हणून कूलरवाल्याचा प्रश्न टोचला असणार. तो वेळ विचारत होता आणि मला वेळेबद्दलच बोलायचं नव्हतं. यंत्रानं माझं ऐकणं वाढवलं नाही. त्यानं ते बांधून टाकलं. मोसमाला, प्रहराला, व्होल्टेजला, जमिनीतल्या ओलीला. बाबांची ती पाच मिनिटं मला परत हवी होती, ती मिळाली, पण त्यांच्यामागे येणाऱ्या बातम्या मात्र रोज येतातच असं नाही. कधी नुसतं तापवून, नुसतं बघून बंद करतो. याचं दुःख करावं की हेही एक सुख समजावं, यावर माझं मत ऋतूप्रमाणे बदलतं.

शिवाय हे सगळं झिजणारं आहे. मोठे व्हॉल्व्ह ३००बी जातीचे, मूळ अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिकचे, १९३८ सालचे. त्याच घराण्याचे व्हॉल्व्ह तेव्हा सिनेमागृहांत बोलपट ऐकवायचे. आठेक वॅटवर अख्खं थिएटर, कारण पडद्यामागचे भोंगे खोलीएवढे. आज ही जात बनते चीनमध्ये, स्लोव्हाकियात, रशियात, आणि अमेरिकेत पुन्हा सुरू झाली आहे. २०२२ च्या मार्चमध्ये युद्धामुळे रशियाची निर्यात काही काळ थांबली आणि जगभरच्या आमच्यासारख्यांनी घाबरून साठे केले. भाव चढले. खिडकीबाहेर युद्धाच्या बातम्या आणि आम्ही काचेच्या बाटल्यांच्या किमती बघतोय, हे तेव्हाही चमत्कारिक वाटलं होतं. बाबांच्या रेडिओचा व्हॉल्व्ह गेला होता तेव्हा ते बर्डीवर, सीताबर्डीच्या बाजारात, सायकलनं गेले आणि बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा व्हॉल्व्ह सदऱ्याच्या वरच्या खिशात घालून परत आले. मला आठवतं, कारण खिशातून डोकावणारं ते चंदेरी टोक मी आधी चॉकलेट समजलो होतो. आता तो कारखाना ते बनवत नाही. बर्डीच्या गल्लीत व्हॉल्व्ह ओळखणारा एक वयस्कर दुरुस्तीवाला उरला आहे. नजर मंदावली आहे, त्यामुळे तो नखानं काच टिचकावतो आणि स्पीकरमधून येणाऱ्या 'टिंग'वरून सांगतो, हा चालेल अजून, हा गेला. वरचं चंदेरी टोक पांढरं पडलं की हवा शिरली, खेळ संपला, हे मात्र मलाही दिसतं.

यंदा दिवाळीनंतर माझ्या डाव्या बाजूचा आवाज किंचित बसलेला वाटू लागला. दुरुस्तीवाल्यानं टिचकी मारून मान हलवली. झिजण्याचं कारण मला माहीत होतं. बायकोच्या मिरजेच्या तंबोऱ्याच्या भोपळ्याला मागच्या वैशाखात कोरड्या हवेनं तडा गेला. दुरुस्तीला तिकडे पाठवायचा तर वाटेत उरलेलाही जाईल, म्हणून तो कापडात गुंडाळून पडला आहे. रियाजाला ती फोनवरचं तानपुऱ्याचं ॲप वापरू लागली. एके दिवशी थंडी पडल्यावर पहाटे उठून पाहतो तर तिनं मुलाकडून आणवलेली कसलीशी वायर फोनमधून थेट माझ्या ॲम्प्लिफायरला जोडलेली, व्हॉल्व्ह पेटलेले, दोन्ही स्पीकरमधून ॲपचा सा-प-सा-सा. मी जवळजवळ ओरडलोच. फोनचं ॲप! ३००बी वर! "गंधार ऐका आधी," ती म्हणाली. ऐकला. यायला लागला होता, दूरचा, पण स्वच्छ. ॲपमध्ये होताच की माझ्या व्हॉल्व्हनं घातला, यावर आम्ही चहा होईपर्यंत वाद घातला आणि निकाल लागला नाही.

तेव्हापासून थंडीभर पहाटे पाच ते साडेसहा रोज यंत्र चालतं. तिच्या दोन विद्यार्थिनीही येऊन बसतात, स्वेटर घालून, व्हॉल्व्हच्या बाजूची जागा आधी पकडतात. तिथे ऊब असते. मी आतल्या खोलीतून हिशेब करत पडलेला: रोजचे दीड तास, व्हॉल्व्हचं आयुष्य काही हजार तास, म्हणजे किती रुपये पहाट. मग कधीतरी हिशेब सुटतो आणि ती भैरवच्या रिषभावर किती वेळ थांबली आहे याकडे लक्ष जातं.

नवी जोडी मागवावीच लागणार आहे. या खेपेला चांगल्यातली घ्यावी म्हणतो, म्हणजे आईला पुन्हा काहीतरी आकडा सांगणं आलं. परवा रात्री जेवताना हळूच विषय काढला. बायको म्हणाली, "खोटं कशाला सांगता? आईंना खरी किंमत मी सांगते. मला रियाजाला लागतं म्हटलं की त्या काही बोलायच्या नाहीत."

"आणि आधीची?"

"ती तुमची तुम्ही सांगा."